धुतलेला शर्ट

पिशवी कागदाची होती, वरून दोनदा दुमडून पिना मारलेली. ठाण्यातल्या कारकुनाने ती टेबलावरून पुढे सरकवली, वहीतल्या एका रकान्यावर बोट ठेवलं आणि मान वर न करता म्हणाला, "मयताचे कपडे. शर्ट एक, पँट एक, पट्टा एक. मिळाले म्हणून सही."

डागवालीने सही केली. तिला फक्त त्या इमारतीतून बाहेर पडायचं होतं. चार दिवसांपूर्वी तिचा धाकटा भाऊ इथे मेला होता. जिन्यावरून पडून, असं त्यांनी सांगितलं. जाताना तिने पायऱ्या मोजल्या. सात. शेवटच्या पायरीपाशी कुंडीतल्या मातीत कुणीतरी सिगारेटी विझवल्या होत्या. सातच, असं ती मनात म्हणाली, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं.

डागवाली हे काही तिचं नाव नव्हे, पण लाँड्रीत गेली तीस वर्षं तिला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. आईबाप वर्षभरात पाठोपाठ गेले तेव्हा ती चौदाची होती आणि भाऊ पाचाचा. त्याला काखेत धरून ती जुन्या मालकांपुढे उभी राहिली. ते म्हणाले, "पोराला कोपऱ्यात बसव आणि चादरींच्या घड्या कर." चादरींवरून ती यंत्रांवर गेली, यंत्रांवरून मागच्या खोलीत. तिथे पांढऱ्या दगडाचं टेबल होतं, वर लोंबता दिवा, फळीवर बाटल्यांची रांग. धुवायला आलेला प्रत्येक कपडा आधी तिच्यापुढे यायचा. ती तो उलटा करायची, शिवणी चाचपायची, नाकाशी न्यायची. "ही कॉफी, दुधाची, परवाची. हा गंज. आणि चिठ्ठीवर शाई लिहून दिलंय ना, ती लिपस्टिक आहे. घरातलीसुद्धा नव्हे."

"बाई," आताचे मालक म्हणायचे, "तुम्ही तोंड उघडलंत तर महिन्याला चार संसार मोडतील."

"म्हणून तर मिटून ठेवते. तुमचेही शर्ट माझ्याकडेच येतात."

मालक हसायचे, पण जरा जपून. धंद्याची रीतच तशी होती. डाग वाचायचा, काढायचा आणि विसरून जायचा. कुणाच्या उशीवर रक्त का आहे, कुणाच्या बाहीला ओकारीचा वास का येतो, हे विचारायचं नाही. या रितीवर तिने जन्म काढला, भावाला शिकवलं, लिफ्टचा मेकॅनिक केलं, त्याचं लग्न लावलं. स्वतःचं राहून गेलं, त्याबद्दल कुणी हळहळलं तर म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे धुते तेवढे पुरे."

भावाला डाव्या कानाने ऐकू येत नसे. लहानपणीच्या तापात तो कान गेला. ती कायम त्याच्या उजव्या हाताला चालायची. त्याचे कामाचे शर्ट ती शनिवारी स्वतः धुवायची, कारण काळं ग्रीस पार कोपरापर्यंत असायचं.

"लिफ्ट दुरुस्त करतोस की तिच्यावर लोळतोस रे?"

"ताई, मला बघितलं की लिफ्ट लाळ गाळते."

त्या दिवशी एका इमारतीतलं काम संपवून, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो रस्त्याने चालला होता. जवळपास कुठे चोरी झाली होती. डाव्या बाजूने एक गाडी आली आणि आतून कुणी "थांब" म्हणून ओरडलं. तो चालत राहिला. पुन्हा ओरडले, तरी तो चालत राहिला. इमारतीच्या वॉचमनने एवढंच पाहिलं, आणि गाडीचं दार लागलेलं. दीड दिवस घरी कुणी काही कळवलं नाही. कळवलं ते एकदम, मयत घेऊन जा म्हणून.

कपड्यांची पिशवी घेऊन तिने घरी जायला हवं होतं. पण पाय सवयीने लाँड्रीकडे वळले. जेवणाची सुट्टी होती. मागच्या खोलीत कुणी नव्हतं. तिने पिना काढल्या.

पुढचं जे झालं ते तिला नंतर तिघांना सांगावं लागलं, आणि एकदाही ते नीट सांगता आलं नाही.

शर्ट फिका निळा होता. तिने तो टेबलावर पसरला, दिवा खाली ओढला आणि वाचायला लागली. कॉलर मागून उसवलेली, खेचल्यासारखी. वरची दोन बटणं दोऱ्यासकट गेलेली. पुढे रक्त, बरंच. थेंब वरून खाली ओघळलेले, म्हणजे नाकाचं, आणि तेव्हा तो बसलेला किंवा उभा असणार. इथपर्यंत तिने वाचलं. मग हात पुढे निघाले. रक्ताला ऊन पाणी लावायचं नाही, ऊन पाण्याने ते धाग्यात मुरतं, हे हातांना तिच्यापेक्षा जास्त पाठ होतं. हातांनी थंड पाण्याचा नळ सोडला. मीठ घेतलं. चोळलं, पिळलं, पाणी बदललं. पाणी गुलाबी झालं, मग फिकं, मग नुसतं पाणी. आपण तेव्हा रडत होतो का, तेही तिला सांगता येत नाही.

शर्ट पिळून तिने दिव्याखाली धरला आणि पाठ पाहिली.

दोन खांद्यांच्या मधोमध एक तांबूस डाग होता, बोटभर रुंद, कमानीसारखा वाकलेला. खाली बरगडीवर आणखी एक, अर्धवट. पाण्याने त्यांचं काही बिघडलं नव्हतं. तिने नख लावून पाहिलं. मेण. नाकाशी नेलं. बुटाचं पॉलिश.

आणि हे पॉलिश तिच्या ओळखीचं होतं. दर सोमवारी ठाण्यातून गणवेशांचं गाठोडं यायचं. त्यातल्या प्रत्येक पँटीच्या पायाशी, आतल्या बाजूला, बूट घासून घासून हाच तांबूस मेणकट पट्टा पडलेला असायचा. सगळ्यांना एकच सरकारी डबी. पंधरा वर्षं ती ते पट्टे काढत आली होती. फळीवरच्या तिसऱ्या बाटलीने दोन मिनिटांत निघायचे. तिचा हात त्या बाटलीकडे गेलाही. बूच उघडलं. वास आला.

तेव्हा भीती आली. ती तळपायांतून आली. फरशी ओली होती, आणि तिला वाटलं आपण कुणाच्या तरी पाठीवर उभे आहोत.

तिने बूच लावलं. मग पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं की रक्त गेलं आहे, आणि ते आपणच घालवलं आहे.

लाँड्रीच्या मागच्या भिंतीला न नेलेल्या कपड्यांची रांग होती. लोक कपडे टाकून जातात आणि विसरतात, मरतात, गाव सोडतात. मालक काही फेकत नसत. तिने शर्ट सुकवला, खोटा नंबर लिहून त्याला चिठ्ठी लावली आणि त्या रांगेत एका जाड ओव्हरकोटाच्या आत अडकवला. पँट आणि पट्टा आपल्या कपाटाच्या तळाशी टाकला.

घरी भावजयीने दारातच विचारलं, "कपडे दिले का त्यांनी?"

"नाही दिले," डागवाली म्हणाली.

भावजय औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. दिवसभर लोकांची अगम्य अक्षरं वाचून तिची नजर धारदार झाली होती आणि जीभ त्याहून. एरवी ती नणंदेला ताई म्हणायची. टोमणा मारायचा असला की "वन्सं". नवरा गेल्यापासून ती एकदाही मोठ्याने रडली नव्हती. ती भराभर कामं करत होती, जणू थांबली तर कुणीतरी गाठेल. वकीलबाई तिनेच शोधून काढली.

वकीलबाईंचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर होतं. खालचं यंत्र चाललं की टेबलावरचे पेन थरथरायचे. बाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"विचारू नका," त्या म्हणाल्या. "जिन्यावरून पडले. खरोखरच. बारा पायऱ्या. मनगट मोडलं, पण बघा, जिवंत आहे." मग भावजयीकडे वही सरकवली. "त्यामुळे लिहायचं काम तुमचं. अक्षर बरं आहे ना?"

"डॉक्टरांपेक्षा बरं."

"चालेल. कोठडीत माणूस गेला की मॅजिस्ट्रेटची चौकशी व्हावीच लागते. ती कुणाची मेहेरबानी नाही, कायदा आहे, आणि तिथे घरच्यांना बोलायचा हक्क आहे. तो आधी बजावायचा. ज्यांनी मारलं त्यांच्यावर फौजदारी, ती वेगळी. पण तिचा तपास करणार कोण? त्यांचेच भाऊबंद. म्हणून तपास बाहेरच्यांकडे द्या, हा अर्ज तिच्याही आधी. आणि वरच्या कोर्टात एक, तो कुणा शिपायावर नाही, थेट सरकारवर. कारण न सांगता धरलं, घरी कळवलं नाही, जिवंत परत दिला नाही. माणसाचा जगायचा हक्क मोडला. तिथे भरपाईचा हुकूम होतो."

"मला पैसे नकोत."

"नका घेऊ, अनाथाश्रमाला द्या. पण हुकूम घ्या. भरपाई म्हणजे सरकारच्या सहीशिक्क्याने लिहून मिळतं की हा माणूस आमच्या हातून गेला. एरवी ते दारात येऊन चुकलं म्हणतील असं वाटतं का तुम्हाला?" खालचं यंत्र सुरू झालं. बाई थांबल्या, ते थांबल्यावर पुन्हा बोलू लागल्या. "मानवी हक्क आयोगालाही एक पत्र टाकू. ते मुंगीच्या पायांनी चालतं, पण चालतं. मात्र आजच्या आज नोटीस जाईल ती कॅमेऱ्यांची. ठाण्यातलं चित्रण महिन्याभरात आपोआप पुसलं जातं. पुरावा घालवायला दरवेळी वाईट माणूस लागत नाही हो, नुसती सवय पुरते."

डागवालीने हात मांडीखाली दाबून धरले.

"अर्जदार तुम्ही," बाई भावजयीला म्हणाल्या. "कायद्याने पहिला हक्क बायकोचा. ताई साक्षीदार. आणि कपडे?"

"दिलेच नाहीत त्यांनी," भावजय म्हणाली.

"अरे वा! हे ठळक लिहा. खाली रेघ मारा."

डागवालीला बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण रेघ मारून झाली होती, आणि भावजयीच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सापडल्यासारखं दिसत होतं.

सोमवारी गाठोडं घेऊन हवालदार आला. दर सोमवारी तोच यायचा. जाडसर, हसतमुख, कुणाशीही दोन शब्द बोलणारा. तो असा हसरा होता हेच आता तिला सहन होईना.

"मावशी, भावाचं ऐकलं. वाईट झालं." त्याने गाठोडं टेबलावर टाकलं. "ते कपडे नेलेत ना तुम्ही? साहेब म्हणत होते, यादीत काही चूक झालीय. परत द्या, नवी पावती करू."

तिला मालकांच्या खोलीचं दार दिसत होतं. ते बंद होतं.

"धुतले," ती म्हणाली.

"काय?"

"कपडे. धुतले मी."

हवालदाराने तिच्या हातांकडे पाहिलं. मग त्याचा सगळा चेहरा सैल पडला आणि तो हसला, अगदी मनापासून. "तुम्ही स्वतः? मग काय प्रश्नच नाही. तुमच्या हातून डाग सुटलाय का कधी?"

"नाही."

"शाब्बास. मी सांगतो साहेबांना." तो जायला वळला, थांबला. "वकिलाकडे जाताय म्हणे. जा की, हक्कच आहे तुमचा. फक्त वहिनी तरुण आहेत, संध्याकाळी दुकानातून एकट्या चालत येतात. बागेजवळचा दिवा बंद असतो हो. मी कितीदा तक्रार केलीय." मग एकदम काही आठवल्यासारखं, "माझं एक जाकीट राहिलंय का बघू मागे?"

तो रांगेकडे गेला. हँगर एकामागून एक बाजूला सारत निघाला, खट, खट, खट. डागवाली जागची हलली नाही. त्याचा हात ओव्हरकोटावर येऊन थांबला.

"हा झकास आहे. कुणाचा?"

"कुणी नेला नाही. चार वर्षं झाली."

"मग मला द्या की." त्याने बाही चाचपली, कोटाचं वरचं बटण काढलं.

"कसर लागलीय त्याला," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, कामावरचा, कंटाळलेला. "हात धुऊन घ्या. अंगावरच्या कपड्यांत शिरते."

हवालदाराने हात झटकन मागे घेतला, पँटीला पुसला, आणि तिच्याकडे पाहून पुन्हा हसला. तो गेल्यावर ती टेबलाखाली बसली. किती वेळ, कुणास ठाऊक. मालकांनी दार उघडलं, तिला पाहिलं आणि परत लावून घेतलं.

आता ती सुरक्षित होती. तिने स्वतःला हेच सांगून पाहिलं. हवालदाराचा विश्वास बसला, साहेबांचाही बसेल. दोन मिनिटांचं काम, तिसरी बाटली, आणि खरोखरच काही उरणार नाही. मंगळवारी ती दोनदा त्या रांगेपर्यंत गेली आणि दोनदा परत आली. भावजय कामावरून यायच्या वेळी ती बागेच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची.

"वन्सं, मी काय शाळेत आहे?"

"भाजी आणायला आले होते."

"भाजी कुठाय मग?"

शुक्रवारी वकीलबाईंनी मसुदा वाचून दाखवायला बोलावलं. वाचणार भावजयच होती. ती घडघडा वाचत गेली. बाई मधेमधे डाव्या हाताने हवेत स्वल्पविराम देत होत्या. आठव्या कलमाशी ती जरा थांबली, श्वास घेतला आणि वाचलं, "मृताचे कपडे प्रतिवादींनी हेतुपुरस्सर दडवून ठेवले असून अद्याप कुटुंबास परत दिलेले नाहीत."

"झकास," वकीलबाई म्हणाल्या. "यावर त्यांना उत्तर द्यायला घाम फुटेल."

उत्तर तयारच होतं. ठाण्यातल्या वहीत, एका रकान्यात, तिच्या सहीचं. डागवालीला ती वही डोळ्यांपुढे दिसली. कोर्टात कुणीतरी ती उघडणार, बोट ठेवणार, आणि भावजय सगळ्यांसमोर खोटी ठरणार. मग बाकीची सगळी कलमंही खोटी.

"ते काढा," ती म्हणाली.

"काय काढू?"

"आठवं. कपडे दिले होते. मी सही केलीय."

पेन थरथरायचे थांबले. खालचं यंत्र कुणीतरी बंद केलं असावं. तिने सांगितलं. मधलं आधी, आधीचं मग. नळ, मीठ, गुलाबी पाणी. भावजय ऐकत होती. वही तिच्या मांडीवर तशीच उघडी होती.

"धुतलंत," ती शेवटी म्हणाली. "मी त्याचा वास घेणार होते. तेवढाच हवा होता मला. आणि तुम्ही धुतलंत."

डागवालीने हात पुन्हा मांडीखाली घेतले.

"इस्त्रीपण केलीत का, वन्सं?"

वकीलबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. "भांडण घरी करा. ताई, रक्त सगळं जात नाही. शिवणीत राहतं, तपासणीत निघू शकतं. पण म्हणतील, बाईने धुतला, मग काय पाहिलं, कशावरून? आणखी काही होतं का त्यावर?"

इथे ती थांबू शकत होती. धुतल्याचं कबूल केलं, अर्ज खरा झाला, भावजय वाचली. पॉलिशचं कुणालाच माहीत नव्हतं. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. एक गाडी कडेला उभी होती, आत कुणी होतं की नव्हतं, काचेतून कळत नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "अजून आहे."

ऐकून झाल्यावर वकीलबाईंनी उठून दार लावून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्याला आता हात लावायचा नाही. मी मॅजिस्ट्रेटकडून माणूस आणते, दोन पंचांसमोर तो तिथूनच ताब्यात घेतील. पण एक समजून घ्या. तज्ज्ञ सांगेल हे पॉलिश आहे. कुठलं, ते तुम्हीच सांगू शकता. म्हणजे त्यांना गप्प करायला एकच माणूस उरतं."

"मी."

"तुम्ही. नाही म्हणालात तरी मी अर्ज करणारच. लंगडा जाईल, पण जाईल. तुमच्यावर सक्ती नाही."

रस्त्याने परत येताना भावजय चार पावलं पुढे चालत होती. बागेच्या कोपऱ्याशी ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "माझ्यासाठी इथे उभ्या राहत होतात ना? भाजीबिजी काही नाही."

"हवालदार म्हणाला होता."

भावजय वळली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. "मला वाटत होतं, मी एकटीच घाबरलेय," ती म्हणाली, आणि मग भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे न पाहता, मोठमोठ्याने रडली.

शर्ट ताब्यात घेतला त्या दिवशी मालकांनी तिला आत बोलावलं. "बाई, सोमवारचं गाठोडं बंद झालं तर मागची दोन यंत्रं बंद करावी लागतील. मी तुम्हाला काही म्हणत नाही. नुसतं सांगतो." आणि खरंच, ते त्यापुढे काही म्हणाले नाहीत. पुढच्या सोमवारी गाठोडं आलं नाही. हवालदारही आला नाही. तो येत होता तेव्हा तो कुठे आहे ते तरी कळायचं. आता तो सगळीकडे होता. दाराची कडी ती तीनतीनदा बघायची, पावलं ऐकली की श्वास रोखायची. जेवण जाईना. चौकशीच्या दिवशी सकाळी तिने भावजयीला सांगितलं, "मी नाही येत." भावजयीने चपला घातल्या. ती दारात नुसती उभी राहिली. अर्ध्या तासाने डागवालीने तोंड धुतलं.

मॅजिस्ट्रेटची खोली लहान होती, शाळेच्या वर्गाएवढीही नाही. एक टायपिस्ट, सरकारी वकील, मागच्या बाकावर ठाण्यातली तीन माणसं. त्यांतला एक सोमवारचा हवालदार. तिला पाहून त्याने सवयीने मान हलवली. सीलबंद पाकीट फोडून शर्ट टेबलावर पसरला गेला. तो तिला फार छोटा वाटला.

तिने सांगितलं. कॉलर, बटणं, थेंब. आवाज इतका बारीक निघत होता की टायपिस्टने दोनदा "मोठ्याने" म्हटलं.

सरकारी वकील उठले. "रक्त आपणच धुतलंत?"

"हो."

"म्हणजे आता आपण सांगाल तेच खरं." ते मॅजिस्ट्रेटकडे पाहून किंचित हसले. "आणि हा जो पाठीवरचा डाग आहे, आपला भाऊ लिफ्टचा मेकॅनिक होता ना? ग्रीसमध्ये काम करणारा?"

"हो."

"मग हे ग्रीस नाही कशावरून?"

डागवाली पुढे झाली. कुणी अडवायच्या आत ती टेबलाशी वाकली. बोट डागापासून वीतभर दूर ठेवलं. "ग्रीस काळं असतं," ती म्हणाली. "ते कपड्यात पसरतं, कडेला तेलाचं कडं येतं. त्याचं ग्रीस मी पंधरा वर्षं काढलंय. हे पसरलेलं नाही. हे वर बसलंय, मेण आहे म्हणून. रेघा बघा, उभ्या आहेत. बूट दाबून ओढला की अशा येतात. आणि रंग तांबूस. असं पॉलिश दर आठवड्याला चाळीस पँटींवरून माझ्याकडे येत होतं. पायाशी, आतल्या बाजूला. माझी शपथ खोटी वाटत असेल तर मागे बसलेल्या यांनी आत्ता इथे पँटीचा पाय उलटा करून दाखवावा."

मागच्या बाकावर कुणीतरी बूट मागे ओढला. तेवढाच आवाज झाला, पण खोलीतल्या सगळ्यांनी ऐकला. मॅजिस्ट्रेटनी त्या दिशेला पाहिलं आणि टायपिस्टला म्हणाले, "साक्षीदार म्हणते तसं, शब्द न् शब्द."

सरकारी वकील खाली बसले. मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढला. "शर्ट तपासणीला जाईल. बाई, तुमचं झालं. तुम्ही जाऊ शकता."

ती गेली नाही.

"आणखी काही सांगायचंय?"

"साहेब," ती म्हणाली, "मी आता घरी कशी जाऊ?"

मॅजिस्ट्रेटनी पेन उचललं. कागदावर दोन शब्द लिहिले, आणि पेन तिथेच थांबलं. संरक्षणाला शिपाई द्यायचा, तर तिच्या वस्तीला ठाणं एकच होतं. हे त्यांनाही उमगलं आणि तिलाही. मागच्या बाकावरच्या तिघांनाही उमगलं असणार, कारण तिकडून आता काहीच आवाज येत नव्हता.

वकीलबाई उठल्या. "दुसऱ्या ठाण्याचा, साहेब. आणि महिला. तसा हुकूम करण्याचा आपल्याला अधिकार आहे."

हुकूम टाइप झाला, शिक्का झाला, फोन झाला. नणंद-भावजय बाहेरच्या बाकावर बसल्या. समोरून माणसं जात होती, फायली जात होत्या. ते तिघं बाहेर पडले आणि त्यांच्या अगदी जवळून गेले. हवालदार या वेळी हसला नाही, आणि डागवालीला त्याचं हसू बरं होतं असं वाटलं. भावजयीने तिचा हात घट्ट धरला. दोघींचेही हात थंडगार होते.

तासाभराने एक पोलीस बाई आली. विशीतली, टोपी काखेत, पळत आल्यामुळे धापा टाकत. तिने हातातला कागद पाहिला, मग दोघींकडे.

"तुम्हीच ना? चला. कुठे राहता?"

भावजय बोलायला गेली, पण डागवालीने तिचा हात दाबला. तिने त्या मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या तोंडावर काहीच लिहिलेलं नव्हतं, घाम होता आणि घाई होती. तळपायांतली भीती तशीच होती, रेसभरही कमी झालेली नव्हती.

मग तिने पत्ता सांगितला.